ॲनिमल होर्डिंग : साठेबाजी, संग्रह की आणखी काही?

कोपरीकर : सोसायटीच्या पत्रासाठी 'ॲनिमल होर्डिंग'ला मराठी शब्द हवा आहे. टू बीएचकेमध्ये १९ मांजरी, जिन्यापर्यंत वास. 'प्राण्यांची साठेबाजी' लिहिलं तर चालेल का?

बेलापूरकर : नको. साठेबाज माल दडवतो तो भाव चढल्यावर विकायला. इथे विकणं नाहीच, 'माझ्याशिवाय यांना कोण?' ही समजूत असते. 'संग्रह' नाण्यांचा, 'संचय' पुण्याचा. आणि नुसतं 'होर्डिंग' लिहाल तर तीन हात नाक्यावरचा जाहिरातफलक पडला की काय, असं वाटेल.

शेरेबाज : 'अतिपाळणी' कसा वाटतो?

दफ्तरी : नाही पटत. 'अति' आला की वाचणारा आकडा मोजायला लागतो आणि या शब्दाचा जीव आकड्यात नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या कायद्यातली व्याख्या पाहा : प्राणी बरेच, निगा अपुरी, जागेत अतोनात दाटी आणि पाळणाऱ्याला त्याचं भान किंवा पर्वाच नाही. चारही एकत्र हवेत. अगदी बारा मांजरी नसबंदी, लस, स्वच्छ ट्रे यांसह सांभाळणारा यात येत नाही. चार कुत्री बाल्कनीत उपाशी कोंडणाऱ्याची तक्रार मात्र होऊ शकते. म्हणून 'क्षमतेबाहेर प्राणी बाळगणे' हे लांबलचक असलं तरी नेमकं आहे. बोलताना 'कोंडून पाळणे' पुरे.

'बाळगणे' मुद्दाम. 'पाळणे'मध्ये माया गृहीत असते, 'बाळगणे'मध्ये फक्त ताबा, आणि कायदा ताब्यापासूनच सुरू होतो.

कोपरीकर : मग 'घरटी दोनच प्राणी' असा नियम दाखवता येईल ना?

दफ्तरी : प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचा कायदा १९६० चा. त्यात घरटी किती, हा आकडा कुठेच नाही. बंगळुरूच्या महापालिकेने २०१८ मध्ये फ्लॅटला एकच कुत्रा असं ठरवलं, तर इतका गदारोळ झाला की ते बासनात गेलं. परवाना हा वेगळा मामला. तो कुत्र्यागणिक निघतो, सोबत रेबीज लसीचा दाखला लागतो. परवाना नसणं म्हणजे मर्यादा ओलांडणं नव्हे. अर्जात या दोन गोष्टींची खिचडी करू नका.

'मनाई' हा शब्दही ठरावात नको. सर्वसाधारण सभेने बहुमताने ठरवलं तरी प्राणी पाळायला बंदी घालता येत नाही, असं ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. लिफ्ट, जिना, स्वच्छता यांचे नियम करा.

बेलापूरकर : पत्रात कलम कुठलं घालायचं?

दफ्तरी : अन्न, पाणी, निवारा अपुरा असेल तर १९६० च्याच कायद्याचं ११(१)(एच). पिंजऱ्यात हालचालीला जागा नसेल तर ११(१)(ई). कायद्याचं मराठी नाव 'निर्दयतेने', 'क्रूरतेने', 'छळ' असं तीन-चार तऱ्हांनी छापलेलं सापडतं, तेव्हा साल आणि कलम लिहाच. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हसू नका, १९६० चे रुपये आहेत.

खरी अडचण पुढे. ही दोन्ही कलमं अदखलपात्र आहेत, म्हणून पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घेतात आणि दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तपास हलत नाही. शिवाय घटनेपासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही तर कलम ३६ आडवं येतं. 'गेल्या वर्षापासून त्रास' लिहाल तर गेलं वर्ष हिशोबाबाहेर. ताजी तारीख घाला.

शेजाऱ्यांच्या वासाच्या तक्रारीला शब्द 'उपद्रव', 'त्रास' नव्हे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी तो हटवण्याचा सशर्त आदेश काढू शकतात.

मजकूर असा : 'दि. अमुक रोजी सदनिकेत १९ मांजरी, शौचाच्या ट्रे २. अमोनियाने डोळे चुरचुरतात. तीन मांजरींना नाकाडोळ्यांतून स्राव.' मांजरागणिक एक ट्रे आणि वर एक जास्तीचा, हा रूढ हिशोब. म्हणजे हव्यात २०. पशुवैद्यकीय विभागाला 'असह्य दुर्गंधी' या विशेषणापेक्षा हे जास्त कळतं. मागणीत 'मांजरी हटवा' नको, 'तपासणी, उपचार व नसबंदी' लिहा. मांजरीचा गर्भकाळ नऊ आठवड्यांचा. नसबंदी न करता बाकीच्या उचलल्या, तर मागे राहिलेल्या दोनच मांजरी वर्षभरात घर पुन्हा भरतात.

शेरेबाज : त्याच घरात एक पोपटही आहे म्हणे.

दफ्तरी : पोपट देशी असेल तर मोजणीचा प्रश्नच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. एकही बाळगता येत नाही. तो अर्ज वेगळा, वन विभागाकडे.