मदत हवी आहे: आईच्या पायाची जाड नखं कशी कापावीत?

आईचं वय ८१. तिच्या पायाच्या अंगठ्यांची नखं इतकी जाड आणि टणक झालीत की साध्या नेलकटरच्या तोंडात मावतच नाहीत. उजव्या अंगठ्याचं नख पिवळट, थरावर थर चढलेलं. कापायला गेलं की कडेने भुगा पडतो. चप्पल घासली की ती कळवळते, पण सांगत नाही. तिला स्वतःला वाकून तिथवर हात पोचवता येत नाही.

सध्या कोमट पाण्यात १५-२० मिनिटं पाय बुडवून, नीट पुसून, कानशीने वरचा थर थोडा थोडा घासते. नख सरळ कापते, कोपरे खोल कोरत नाही. तिला मधुमेह आहे, त्यामुळे जरा जरी कापलं तर जखम चिघळेल ही धास्ती सतत असते.

जाड नखांसाठी लांब दांड्याची कात्री किंवा निपर (पक्कडीसारखं नखं कापायचं साधन) कुणी वापरलाय का? युरिया असलेल्या क्रीमने नख खरंच मऊ पडतं का? आणि हे वयामुळे की बुरशीमुळे, हे तपासायला त्वचारोगतज्ज्ञ नखाचा तुकडा घेतात तेव्हा दुखतं का? ती त्यालाच घाबरून यायला तयार नाही.