मदत हवी आहे: शाळेतल्या पोरांसोबत रानमाश्या (रानात राहणाऱ्या, न पाळलेल्या मधमाश्या) वाचवायच्या आहेत

नमस्कार मंडळी, मी नागपुरात सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. पोरांनी व्हिडिओत बंबलबी (गुबगुबीत, केसाळ रानमाशी) पाहिली आणि आता मागेच लागून राहिलीत, मॅडम आपण पण वाचवू. आता ती हिमालयाकडच्या थंडीतली, इथे ४५ डिग्रीत कुठून आणू? पण आपला काळा भुंगा आहे ना, तोही रानमाशीच! सायकल स्टँडच्या बांबूत त्याने बरोब्बर गोल भोक पाडलंय, खाली पिवळसर भुसा पडलेला, पोरं डबा खायचं सोडून तिथेच उकिडवी बसतात. परवा शिपाईदादांनी त्यात सिमेंट भरलं आणि एक मुलगी चक्क रडली हो.

तर विचारायचं असं की या माश्यांना घरटं म्हणून बांबूच्या नळ्या एका बाजूने बंद ठेवून बांधायच्या, हे कळलं, पण भोक किती मिलिमीटरचं ठेवू? भुंग्याला मोठं लागणार आणि पानं गोल कापून नेणाऱ्या माशीला बारीक, बरोबर ना? आणि उन्हाळ्यात शाळा बंद, पाणी घालायला कोणीच नाही, अशात त्यांच्यासाठी लावलेलं कोणतं फुलझाड टिकेल? शेवगा, तूर आणि तुळस डोक्यात आहे.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पालक. माशी म्हटलं की त्यांना आग्या मोहोळच दिसतं. भुंग्याचा नर चावूच शकत नाही, त्याला नांगीच नसते, मादी पण हातात दाबल्याशिवाय सहसा चावत नाही, हे सांगूनही पटत नाही. कोणी शाळेत असं केलं असेल तर पालकांना कसं समजावलं ते सांगा प्लीज, शनिवारी मीटिंग आहे.