मदत हवी आहे: सर्व्हिस डेस्कच्या १४० कॅटेगरी छाटायच्या कशा?

आयटीच्या तक्रारी आणि मागण्या (तिकिटं) नोंदवायच्या आमच्या टूलमध्ये कॅटेगरीच्या चार पातळ्या आहेत, शेवटच्या पातळीवर १४० पर्याय. तरी तिकिटांचा मोठा गठ्ठा 'इतर'मध्येच पडतो. वरच्या पातळीवर हार्डवेअर, सॉफ्टवेअर, नेटवर्क, ॲक्सेस आणि चक्क 'तातडीचे'. 'व्हीपीएन लागत नाही' ही तक्रार कुणी नेटवर्कमध्ये टाकतं, कुणी ॲक्सेसमध्ये. सुरुवात कुठून करावी? जुन्या तिकिटांचं काय?

प्रतिसाद १

सुरुवात 'इतर'पासूनच. त्यातली शेवटची २०० तिकिटं एक्सेलमध्ये काढा आणि प्रत्येकापुढे दोन-तीन शब्दांत लिहा, नेमकं काय हवं होतं. सॉर्ट केलं की गट आपोआप दिसतात. दुसरीकडे, वर्षभरात पाच तिकिटंही न आलेले पर्याय सरळ बंद करा.

'तातडीचे' आजच काढा. तातडी प्रायॉरिटीत जाते, आणि ती इम्पॅक्ट (किती जणांवर परिणाम) व अर्जन्सी (किती लवकर सुटायला हवं) यांवरून ठरते. शाखा, मजला, टीमचं नाव यांनाही वेगळी फील्ड द्या, नाहीतर कॅटेगरींचं झाड पुन्हा फोफावतं.

व्हीपीएनचा घोळ वेगळा आहे. तिकीट नोंदवताना कारण कुणालाच माहीत नसतं, आणि तुमचं झाड नेमकं तेच विचारतंय. म्हणून पहिली पातळी सेवेची ठेवा: ईमेल, व्हीपीएन, प्रिंटिंग, लॅपटॉप, पेरोल. दुसरी लक्षणाची: कनेक्ट होत नाही, हळू चालतं, एरर येतो. बस, दोन पुरेत. खरं कारण तिकीट बंद करताना वेगळ्या फील्डमध्ये भरायचं: पासवर्डची मुदत संपली, क्लायंट जुना, घरचं इंटरनेट बंद. मग व्हीपीएनची किती तिकिटं मुळात पासवर्डची होती हे अहवालात दिसतं.

आणि 'नवा लॅपटॉप हवा' हा बिघाड नव्हे. इन्सिडंट (बिघाड) आणि रिक्वेस्ट (मागणी) हा भेद कॅटेगरीत नको, तिकिटाच्या प्रकारात करा. आयटीआयएल या आयटी सेवा व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक चौकटीने २००७च्या तिसऱ्या आवृत्तीत रिक्वेस्टची प्रक्रियाच वेगळी काढली.

धागाकर्ता

पटलं. पण बंद करताना सगळे यादीतला पहिलाच पर्याय निवडतील, त्याचं काय?

प्रतिसाद १

निवडतीलच. त्यासाठी डीफॉल्ट रिकामं ठेवा, फील्ड सक्तीचं करा आणि कारणं १०-१२च्या वर जाऊ देऊ नका. दर आठवड्याला बंद झालेली २० तिकिटं उघडून कारण आणि वर्क नोट (काय काम केलं त्याची नोंद) जुळतात का ते टीम लीडने पाहावं.

प्रतिसाद २

जुन्या तिकिटांबद्दल: कॅटेगरी डिलीट करू नका, इनॲक्टिव्ह करा. जुन्याच कॅटेगरीचं नाव बदलून नवी म्हणून वापरू नका. बऱ्याच टूल्समध्ये मागच्या तिकिटांवरही नवं नाव दिसायला लागतं आणि आधीचे अहवाल बिघडतात. जुनी ते नवी असा तक्ता करून अहवालापुरता वापरा, तिकिटं तशीच राहू द्या.

बदल लाइव्ह करण्याआधी ऑटो-असाइनमेंट (तिकीट आपोआप टीमकडे जाणं), एसएलए (तिकीट सोडवायची ठरलेली मुदत) आणि अप्रूव्हलचे कुठले नियम कॅटेगरीवर लटकलेत त्याची यादी काढा. हे हमखास राहतं, आणि मग तिकिटं कुणाच्याच क्यूमध्ये न जाता पडून राहतात. बदल महिन्याच्या १ तारखेला करा, म्हणजे एकाच महिन्यात दोन रचना मिसळत नाहीत.

एक चाचणीही घ्या. तीच ३० जुनी तिकिटं दोघांना वेगवेगळी वर्गवारीला द्या. चार-पाचांपेक्षा जास्त ठिकाणी उत्तरं वेगळी आली, तर नावांत गोंधळ आहे. 'ॲप्लिकेशन' आणि 'सॉफ्टवेअर' शेजारी-शेजारी असतील तर एक उडवा.