दिसणं पुण्याचं, ऊन लातूरचं

लातूरच्या औसा रोडकडचे नवे फ्लॅट पुण्यासारखे दिसतात म्हणून त्यांचे भाव वाढणारच, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. जागेचा भाव वाढेलही, पण पुण्यातल्या घरांचा नकाशा लातूरच्या उन्हात चालत नाही. माझ्या बहिणीच्या फ्लॅटला पश्चिमेकडून हॉलभर काचेची स्लायडिंग आहे आणि वर जेमतेम वीतभर छज्जा. मे महिन्यात दुपारी तीननंतर तिथली फरशी पायाला चटका देते. जाड पडदे ओढून सगळे आतल्या खोलीत जाऊन बसतात. एवढे पैसे मोजून घेतलेला हॉल उन्हाळाभर बंद, मग तो काय कामाचा?

आणि पाण्याचं कोणी बोलतच नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते हे शहर. बोअर उन्हाळ्यात टिकते का, टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरतात की वेगळा, हे बिल्डरला नाही, तिथं राहणाऱ्यांना विचारा. भिंतींना तडे गेले तरी गप्प बसू नका. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार, ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष निघाला, तर कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरनं तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. फक्त फोटोसकट लेखी कळवा.