'आत्मत्याग' आणि 'स्वतःला नाकारणे' : अर्थ एकच का?

प्रश्न : बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातलं ९:२३ हे वचन वाचताना दरवेळी अडखळते. येशू तिथं म्हणतो : जर कोणी माझ्यामागे येऊ इच्छितो तर त्याने स्वतःला नाकारावे, दररोज आपला वधस्तंभ उचलावा आणि माझ्यामागे यावे. एका भाषांतरात 'आत्मत्याग करावा' आहे, दुसऱ्यात 'स्वतःला नाकारावे'. कुठला शब्द मुळाच्या जवळचा? 'भक्ती' हा शब्द या वचनात नाही, तरी प्रवचनांत स्वतःला नाकारणं आणि भक्ती नेहमी जोडीनं येतात, ते का?

उत्तर : माझ्या मते 'नाकारणे'. 'आत्मत्याग' म्हटलं की हुतात्मा डोळ्यांपुढे येतो, एकदाच जीव ओवाळून टाकणारा. संस्कृतात तर या शब्दाचा एक अर्थ आत्महत्या असाही आहे. लूकच्या वचनात मात्र 'दररोज' आहे. हेच वचन मत्तय (१६:२४) आणि मार्क (८:३४) ही शुभवर्तमानंही देतात, पण 'दररोज' फक्त लूककडे. रोज सकाळी उठून करायची गोष्ट हौतात्म्याच्या शब्दात कशी मावेल?

मत्तय-मार्कातलं ग्रीक क्रियापद आहे 'अपार्नेओमाय' : ओळख नाकारणे, नातं झिडकारणे. कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील, असं येशू आपल्या पेत्र या शिष्याला सांगतो तिथंही हेच क्रियापद आहे. 'मी त्या माणसाला ओळखत नाही' हे पेत्र प्रभूबद्दल बोलला. शिष्यानं ते आपल्या 'मी'ला ऐकवायचं. हे लक्षात आलं तेव्हा कितीतरी दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं. आणि मराठी 'नाकारणे' इथं अगदी चपखल बसतं. अर्ज नाकारला तरी अर्जदार जिवंत असतो, फक्त त्याचं म्हणणं चालत नाही.

प्रश्न : पण मला लहानपणापासून 'स्वतःला नाकार' म्हणजे 'गप्प राहा, सोस' असंच ऐकवलं गेलं. तो अर्थ त्यात नाही?

उत्तर : नाही, आणि हे मी पूर्ण खात्रीनं सांगतो. वचनाची सुरुवातच 'जर कोणी येऊ इच्छितो' अशी आहे. पुढे 'स्वतःला' आहे, म्हणजे नाकारणारा आणि नाकारला जाणारा एकच. दुसऱ्यानं तुम्हाला नाकारायचं आणि वर त्याला शिष्यत्व म्हणायचं, हे त्या वाक्याच्या व्याकरणातच बसत नाही. तुम्हाला तसं ऐकवलं गेलं याचं फार वाईट वाटतं. देहदंडाचंही तसंच : कलस्सै इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात (२:२३) प्रेषित पौल शरीराला कष्टवण्याच्या नियमांना ज्ञानाचा नुसता देखावा म्हणतो.

'आत्मक्लेश', 'वैराग्य', 'संन्यास' हे शब्द म्हणूनच इथं मी टाळतो. त्यांत सोडणं आहे, पण कुणामागे जाणं नाही. वचन मात्र 'माझ्यामागे यावे' इथं येऊन थांबतं.

आता भक्ती. ती कशी असते हे मला बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात दिसतं. तिथं २:४२ मध्ये पहिले विश्वासणारे शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणं आणि प्रार्थना यांत 'तत्पर' होते असं वाचतो. तिथलं ग्रीक क्रियापद 'प्रोस्कार्तेरेओ', म्हणजे चिकटून राहणे, नेट न सोडणे. 'तत्पर'मध्ये चपळाई येते, चिकाटी निसटते. भावनेचा उमाळा त्या क्रियापदात नाहीच. प्रार्थनेत मन लागत नसलं तरी बसून राहणाऱ्याला ते लागू पडतं. मला विचाराल तर तिथं 'धरून राहिले' म्हणावं : एका हातानं 'मी' सोडलेला, दुसऱ्या हातानं प्रभूला धरलेलं. म्हणूनच ही जोडी.