ई-२० पेट्रोल आणि २०१२ ची कार्ब्युरेटरवाली १२५ सीसी: नक्की काय बदलायचं?

खाडीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाडी १२५ सीसी, २०१२ ची, बीएस-३ (जुना प्रदूषण निकष), साधा कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग), ६१ हजार किलोमीटर झालेले. चिपळूणला उघड्या पडवीत उभी असते, पावसाळ्यात कधी सलग तीन आठवडे हलत नाही. पूर्वी लिटरला ५८ मिळायचं, आता ४७. सकाळी चोक ओढूनही पाच-सहा किका लागतात, आणि अर्ध्या थ्रॉटलला गचके बसतात. गॅरेजचं मत असं की ई-२० नं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं, कार्ब्युरेटर खराब झालाय, अख्खा नवा टाका.

ई-२० मुळे ॲव्हरेज खरंच एवढं पडतं का? नळ्या-वॉशर कुठल्या मालाचे घ्यायचे? जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मोठा करावा का? की हे सगळं सोडून इलेक्ट्रिक किंवा सीएनजी घ्यावी?

---

पायलटजेट

आधी हिशेब. एका लिटर शुद्ध पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये साधारण २१. म्हणजे ई-२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा पावणेसात टक्के कमी आणि ई-१० पेक्षा (१० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलपेक्षा) साडेतीन टक्के कमी. तुमचं ५८ शुद्ध पेट्रोलवरचं धरलं तरी ५४ यायला हवं, ई-१० च्या दिवसांतलं असेल तर ५६. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही दुचाकींसाठी ३ ते ४ टक्केच घट धरली होती. तुमची घट १९ टक्के आहे. यातली बरीचशी ई-२० ची नाही, त्यामुळे कार्ब्युरेटर विकत घेऊ नका. आधी पुढच्या गोष्टी याच क्रमानं बघा.

पहिलं पाणी. पेट्रोल कॉक (टाकीखालची चावी) चालू ठेवून कार्ब्युरेटरच्या बाऊलखालचा (पेट्रोल साठणाऱ्या वाटीखालचा) ड्रेन स्क्रू सैल करा आणि ५०-६० मिली पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्या. इंजिन थंड हवं, जागा उघडी हवी, जवळ विस्तव नको. दहा मिनिटं बाटली हलवू नका. तळाला वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी गेलंय. ई-१० मध्ये लिटरला साधारण ५ मिली पाणी विरघळून राहतं, ई-२० त्याहून जास्त सामावून घेतं. मर्यादा ओलांडली की पाणी इथेनॉलला ओढून घेऊन तळाशी बसतं. कॉक टाकीच्या तळातून ओढतो, म्हणून इंजिनला नेमका तोच थर मिळतो. वर उरलेल्या पेट्रोलमधलं इथेनॉल निघून गेल्यानं त्याचा ऑक्टेनही घसरलेला असतो.

कोकणात हे पाणी हवेतल्या दमटपणातून येतं असं सगळे म्हणतात, पण तीन आठवड्यांत दमटपणातून येणारं पाणी फारच थोडं. खरी वाट झाकणाची. टाकीत रुतलेल्या झाकणाभोवती पाणी जायला बारीक भोक असतं, त्याची नळी टाकीखाली निघते. ती धुळीनं बुजली की झाकणाभोवती तळं साचतं आणि रबर सील जुनं असेल तर आत झिरपतं. पातळ वायर घालून भोक मोकळं करा, सील बदला. खर्च किरकोळ, पण पुष्कळ गॅरेजमध्ये तिकडे कुणी बघतच नाही.

दुसरं, डबल स्टँडवर दोन्ही चाकं हातानं फिरवा. ड्रम ब्रेक धरून बसला असेल तर तीन-चार किलोमीटरचं ॲव्हरेज तिथेच जातं. टायरची हवा आणि एअर फिल्टर त्याच वेळी बघून घ्या. तिसरं, चोकचा दांडा पूर्ण परत जातो का ते पाहा. अर्धा अडकला तर मिश्रण कायम रिच, म्हणजे पेट्रोल जास्त नि हवा कमी, राहतं.

---

नळीवॉशर

वरचं सगळं बरोबर. आता मालाबद्दल.

जुन्या गाड्यांत नायट्राइल रबर असतं. अल्कोहोलमध्ये ते फुगतं, आणि गाडी उभी राहून सुकलं की कडक होऊन चिरतं. त्यामुळे गाडी रोज चालवली तर वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि महिनाभर ठेवली की गळायला लागते. बदलायचं ते एवढंच:

कॉकपासून कार्ब्युरेटरपर्यंतची नळी. आतला व्यास बहुतेक ६ मिमी असतो, तरी जुनी कापून मोजा. नळीवर ‘एसएई जे-३० आर-९’ छापलेलं बघून घ्या. तिच्या आतला थर फ्लुओरो रबराचा असतो, ज्याला दुकानात व्हायटॉन म्हणतात. पारदर्शक पिवळी-हिरवी नळी दिसायला छान, पण काही महिन्यांत काचेसारखी होते.

फ्लोट निडल, म्हणजे बाऊल भरला की पेट्रोल थांबवणारी सुई. तिच्या टोकाचं रबर फुगलं की बाऊल बेताबाहेर भरतो आणि ओव्हरफ्लो नळीतून थेंब पडतात. रात्री त्या नळीखाली पुठ्ठा ठेवा, सकाळी डाग बघा. ४७ च्या ॲव्हरेजमागे हेही असू शकतं. निडल व्हायटॉन टोकाची घ्या, सीट पितळेची असेल तर तशीच राहू द्या.

बाऊलची ओ-रिंग, कॉकचं रबर पॅकिंग आणि नळीतला कागदी फिल्टर. इथेनॉल टाकीतला जुना चिकट गाळ सोडवतं, म्हणून फिल्टर पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर पुन्हा बदलायचा. नाहीतर तो गाळ पायलट जेटमध्ये (मंद गतीला पेट्रोल देणाऱ्या छोट्या जेटमध्ये) जाऊन बसतो. तिथलं भोक अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतं. ते साफ करायला तार घालू नका, भोक रुंदावतं. कार्ब क्लीनर आणि दाबाची हवा पुरे. बाऊलमध्ये पांढरी भुकटी दिसली तर ती पाण्यामुळे धातूला आलेली गंज आहे, जुन्या टूथब्रशनं निघते.

टाकीला आतून गंज असेल तर बाजारातलं कुठलंही कोटिंग ओतून घेऊ नका. बऱ्याच साध्या रेझिनचे लेप अल्कोहोलमध्ये मऊ पडतात आणि पापुद्रे निघून कॉक बंद करतात.

---

पायलटजेट

जेटबद्दल राहिलं होतं. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते, ई-१० ला साधारण १४.१, ई-२० ला १३.५. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर ते हेरतो आणि इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला कळायचा मार्ग नाही, तो आधीच्याच मापानं देतो, म्हणून मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. अर्ध्या थ्रॉटलचे गचके आणि थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधली फटफट ही त्याची लक्षणं. मात्र पाणी आणि गाळ दोन्ही निघाल्याखेरीज जेटला हात लावू नका, कारण अर्धवट बुजलेला जेटही हुबेहूब हीच लक्षणं दाखवतो.

मग आधी मिक्स्चर स्क्रू, म्हणजे कार्ब्युरेटरवरचा मिश्रण कमी-जास्त करणारा स्क्रू. इंजिन दहा मिनिटं गरम करा. स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत बसेपर्यंत फेरे मोजा, परत तेवढाच बाहेर काढा, आणि तिथून पाव फेरा रिच करा. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यानं रिच होतं, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत घेतल्यानं. इथे उलट करून फसणारे पुष्कळ आहेत. गचके राहिले तर जेट निडलची (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या सुईची, फ्लोट निडलची नव्हे) क्लिप एक खाच खाली सरकवा, म्हणजे निडल वर उचलली जाते. त्यासाठी निडलला खाचा हव्यात. काही गाड्यांत एकच असते.

मेन जेट (जास्त थ्रॉटलला पेट्रोल देणारा मोठा जेट) शेवटी. ई-१० ते ई-२० ला इंधन सुमारे ४ टक्के जास्त लागतं. जेटचा आकडा व्यासाचा असेल तर व्यास २ टक्के वाढला की क्षेत्रफळ ४ टक्के वाढतं, म्हणजे १०० च्या जागी १०२. एक पायरी, दोन नाहीत. आणि प्लगचा रंग बघून ठरवणार असाल तर सांभाळून: इथेनॉलची काजळी कमी, त्यामुळे व्यवस्थित मिश्रणालाही प्लग पूर्वीपेक्षा फिकट दिसतो. जुना तपकिरी रंग गाठायला गेलात तर गाडी नको तेवढी रिच होईल.

---

अर्थिंग

गाडी काढायच्या प्रश्नाबद्दल. इथेनॉल नसलेलं साधं पेट्रोल परत मिळेल म्हणून थांबू नका; अशा पेट्रोलचा (ई-०) पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. १ एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर-धातू ई-२० साठीचे असतात, नवी पेट्रोल गाडी घेतलीत तर ही डोकेदुखी राहत नाही.

सीएनजी बाइक बजाजनं जुलै २०२४ मध्ये पुण्यात आणली, २ किलोची टाकी आणि सोबत २ लिटर पेट्रोल. ती घ्यायची की नाही हे रोजच्या वाटेवर सीएनजी पंप आहे का आणि तिथे रांग किती, यावर ठरवा. इलेक्ट्रिक रोज २०-३० किलोमीटरला उत्तम, पण तुमच्यासारखी तीन आठवडे उभी राहणार असेल तर पूर्ण चार्ज करून किंवा संपवून ठेवू नका. निम्म्याच्या आसपास ठेवा, आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी वेगळी असेल तर तिच्याकडेही लक्ष द्या, बहुतेक वेळा तीच आधी मरते. पडवी उघडी असेल तर १५ अँपिअरचा सॉकेट पावसापासून झाकलेला, अर्थिंग तपासलेलं आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावलेला हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर चार्जिंग करू नये.

एक इशारा: मार्च २०२४ पासून निवडक पंपांवर ‘इथेनॉल १००’ मिळतं. ते फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे कितीही इथेनॉल चालणाऱ्या, गाड्यांसाठी. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये चुकूनही नको.

---

खाडीकाठ

बाटलीत तळाला बोटभर वेगळा थर आला. झाकणाखालचं भोक पूर्ण बुजलेलं होतं. ओव्हरफ्लोखाली डाग नाही, चाकं मोकळी. आता वरचं पेट्रोल वापरता येईल का? आणि त्यात नवं ई-२० भरलं तर थर परत मिसळेल ना?

---

पायलटजेट

थोडं पाणी असेल तर भरपूर ताज्या ई-२० मध्ये मिसळूनही जाईल, पण किती पाणी आहे हे माहीत नसताना तो जुगार नको. टाकी उतरवा, कॉक काढा, सगळं धातूच्या डब्यात रिकामं करा. २००-३०० मिली ताजं पेट्रोल घालून टाकी हलवा, ओता, पुन्हा एकदा तेच. मग कॉकचं भोक उघडं ठेवून दिवसभर उन्हात. काढलेलं काही गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. गॅरेजमध्ये भाग धुवायला ते घेतात.

परत जोडताना बाऊल, पायलट जेट आणि फिल्टर एकदमच करा. पुढच्या पावसाळ्यात गाडी दहा दिवसांहून जास्त ठेवायची असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरा, कॉक बंद करा, बाऊल ड्रेन स्क्रूनं रिकामा करा आणि झाकणावर प्लॅस्टिक बांधा. एक टाकी संपली की ॲव्हरेज इथे लिहा, ५४ च्या खाली असेल तर मग मिक्स्चर स्क्रूकडे वळू.