चाकाचा नट जाम झालाय: कुठला पाना घेऊ?

बोरीकाठ, अमळनेर
नमस्कार मंडळी. वडिलांची जुनी वॅगन आर आता मी चालवते, पारोळ्याला शाळेवर रोज जाऊन-येऊन. गेल्या शनिवारी भर दुपारी रस्त्यात पुढचं डावं चाक बसलं. स्टेपनी होती, जॅक होता, गाडीसोबत आलेला एल पानाही होता, पण चारपैकी एकही नट हलेना. पाय देऊन दाबलं तर पाना सटकला आणि एका नटाचे कोपरे घासले गेले. मे महिन्याचं ऊन आणि सावलीला एक बाभूळ! शेवटी एका पिकअपवाल्या दादांनी त्यांच्या पंपाने हवा भरून दिली आणि हळूहळू घरी आले. टायर ट्यूबलेस असल्यामुळे पंक्चर चाक न काढताच निघालं. नट मात्र अजून तसेच आहेत.

टायर बदलले तेव्हा दुकानात हवेच्या गनने नट कसले होते. त्यानंतर कोणी हात लावलेला नाही. माझं वजन 50 किलो. एकटीला रस्त्यात चाक काढता यावं, एवढंच हवंय. तीन हजारांपर्यंत खर्च करेन. काय घेऊ?

पांझरा गॅरेज, धुळे
ताई, आधी तो एल पाना बाजूला ठेवा. त्याची लांबी जेमतेम वीतभर आणि तोंडही थोडं सैल असतं.

पहिली खरेदी गोटीची, म्हणजे नटावर टोपीसारखी बसणाऱ्या सॉकेटची. 19 मिमीची, सहाकोनी, खोल, दांडा अडकवायचं चौकोनी भोक अर्ध्या इंचाचं. दुकानात ‘चार सुताची गोटी’ म्हटलं की कळतं, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाराकोनी गोटी अजिबात घेऊ नका. ती नटावर पटकन बसते म्हणून दुकानदार तीच पुढे करतो, पण तिचा जोर नटाच्या कोपऱ्यांजवळ येतो आणि गंजलेला कोपरा तिथेच सोलून निघतो. सहाकोनी गोटी सपाट बाजू धरते. काळी, जाड, इम्पॅक्टची, म्हणजे गनचे ठोके सोसणारी मिळाली तर उत्तम. चकचकीत क्रोमची हाताने वापरायला ठीक आहे, पण तिला गन लावली तर तडकू शकते.

स्क्रू पाना आणि पाईप पाना यांच्या जवळही जाऊ नका. आमच्याकडे वाया गेलेले नट येतात त्यांतले बहुतेक या दोघांनी मारलेले असतात.

लोको शेड, निवृत्त, भुसावळ
गोटीनंतर लांबी. हिशेब सोपा आहे, मुलीला समजेल असाच सांगतो. 50 किलोचं माणूस 25 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर पूर्ण भार टाकेल तर साधारण 120 न्यूटन-मीटर जोर मिळतो. तेच माणूस 60 सेंटिमीटरच्या दांड्यावर भार टाकेल तर 290च्या पुढे. गाडीच्या पुस्तकात नट कसायला 85च्या आसपास लिहिलेलं असेल. पण गनने वाटेल तसा कसलेला आणि वर गंज चढलेला नट 120ला दाद देत नाही. म्हणजे तुमची ताकद कमी पडली नाही, दांडा कमी पडला.

म्हणून दोन फुटी ब्रेकर बार, म्हणजे गोटीला लावायचा लांब साधा दांडा घ्या. रॅचेट, म्हणजे कटकट करत एकाच दिशेने पकडणारा दांडा, नको. त्याच्या आत बारीक दात असतात आणि जाम नटावर सगळा जोर त्यांच्यावरच येतो.

वापरताना काही गोष्टी सांभाळा. गाडी जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, जॅक नंतर. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, विरुद्ध टोकाच्या चाकाला दगड लावा. बार नटाच्या डाव्या बाजूला आडवा येईल असा बसवा आणि वरून खाली दाबा. म्हणजे ताकद लावायची नाही, फक्त अंगाचा भार सोडायचा. उडी मारू नका. गोटीजवळ एका हाताने आधार द्या, ती तिरकी झाली की सटकलीच. आणि बार सुटला तर आपण कुठे पडू, हे आधी बघून ठेवा.

केळीबाग, रावेर
आमच्याकडे ट्रॅक्टरच्या चाकाला पान्यावर पाईप चढवतात. लोखंडी जीआय पाईप चालेल. शेतातला पीव्हीसीचा तुकडा लावू नका. तो फुटतो आणि हाताला लागतं, माझ्या भावाला लागलंय.

दुसरं म्हणजे तेल. आमचे म्हातारे मिस्तरी म्हणायचे, “दादा, घाई करू नका, तेल टाका नि रातभर ऱ्हाऊ द्या, नट निंघी जाई.” डिझेल टाकूनही आम्ही नट काढलेत, पण गंज सोडवायचा खास स्प्रे मिळतो तो चांगला.

पांझरा गॅरेज, धुळे
केळीबाग दादांशी सहमत. फक्त एक भर घालतो. साधा डब्ल्यूडी-40 स्प्रे मुळात ओल हटवण्यासाठी बनवलेला आहे, त्यातला डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणे. त्याने फरक पडतो, पण मुरणारं तेल म्हणून वेगळं येतं ते मागा. तेल टाकायच्या आधी तारेच्या ब्रशने स्टडचे, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या बोल्टचे, उघडे आटे घासा, नाहीतर तेल गंजावरच बसतं, आट्यांत उतरत नाही. चाकाच्या भोकातून स्प्रे ब्रेकच्या डिस्कवर जाऊ देऊ नका. फडकं आड धरा. डिस्कवर तेल म्हणजे ब्रेक गेला.

तेल मुरल्यावर नट आधी किंचित कसायच्या दिशेने ढकलून बघा. गंजाची पकड पहिल्यांदा कुठल्याही दिशेने तुटली तरी चालते. ‘टक’ असा आवाज आला की अर्धं काम झालं. मग सोडवा, परत थोडा कसा, परत सोडवा. एका दमात ओढलं तर स्टड तुटतो.

अजिंठा रोड, जळगाव
मी वेगळं सांगेन. बॅटरीवरची इम्पॅक्ट गन घ्या. माझ्याकडे आहे, पाच सेकंदांत नट बाहेर. ठोक्याने गंज सुटतो, बारने नुसता पीळ बसतो. नट फार जाम असेल तर गॅसचा बर्नर दाखवा, लोखंड फुगून ढिलं होतं.

लोको शेड, निवृत्त, भुसावळ
गनबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, ठोक्याचा फायदा होतोच. पण तीन हजारांत जी गन येईल तिचा डब्यावर छापलेला आकडा आणि जाम नटावरचा प्रत्यक्ष जोर यांत फरक असतो. शिवाय डिकीत पडून राहिलेली बॅटरी गरजेच्या दिवशी उतरलेली सापडते. बारला चार्जिंग लागत नाही.

बर्नरचं मात्र मनापासून सांगतो, चाकाच्या नटाला कधीही नाही. टायरमध्ये हवा असताना रिम तापवलं तर आतलं रबर जळून वायू तयार होतात आणि टायर स्फोटासारखा फुटू शकतो. यात माणसं गेली आहेत. आच सायलेन्सरच्या नटाला द्या, तीही पेट्रोलची आणि ब्रेकची नळी दूर असेल तर, आणि नुकताच स्प्रे मारलेला नसेल तर.

अजिंठा रोड, जळगाव
टायरचं माहीत नव्हतं. बर्नरचा सल्ला मागे घेतो, काका.

बोरीकाठ, अमळनेर
सगळ्यांचे आभार. कोपरे घासलेल्या नटाचं काय करू?

पांझरा गॅरेज, धुळे
त्यावर 19ची गोटी आता फिरेल. नटाच्या मापाची सहा सुताची इंची गोटी घेऊन उपयोग नाही, ती 19.05 मिमी म्हणजे तेवढीच. 18 मिमीची सहाकोनी इम्पॅक्ट गोटी हातोडीने ठोकून घट्ट बसवायची आणि बार लावायचा. तेही जमलं नाही तर आतून उलटा पीळ असलेली गोटी मिळते, ती फिरवू तशी नटात रुतत जाते. हा एक नट जवळच्या मिस्तरींकडून काढून घ्या. एका नटासाठी तेवढं सामान घेणं परवडत नाही.

नवीन नट घेताना जुना सोबत न्या. आटे आणि बुडाचा उतार, दोन्ही जुळले पाहिजेत.

बोरीकाठ, अमळनेर
दहा दिवसांनी लिहितेय. 19ची काळी गोटी, दोन फुटी बार, ब्रश आणि स्प्रे घेतला. संध्याकाळी तेल टाकलं, सकाळी पुन्हा एकदा टाकलं. पहिला नट ‘टक’ करून सुटला तेव्हा मी अक्षरशः ओरडले. आई बाहेर आली, काय झालं म्हणून! तीन नट माझ्या हातांनी निघाले, चौथा मिस्तरींनी 18ची गोटी ठोकून काढला. चारही नट नवे घेतले. ते बसवताना आट्यांना ग्रीस लावायला सांगतायत. लावू का?

लोको शेड, निवृत्त, भुसावळ
शाब्बास! ग्रीस नको. पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांसाठी धरलेला असतो. ग्रीस लावून तेवढंच कसलं तर स्टडवर ताण जास्त पडतो. आटे ब्रशने स्वच्छ करा, हाताने तीन-चार वेढे फिरवा, मग समोरासमोरचे नट आळीपाळीने कसा. 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर परत तपासा. पुढे पैसे जमले की टॉर्कचा पाना, म्हणजे किती जोराने कसलं ते मोजणारा पाना घ्या आणि काम झाल्यावर त्याचा आकडा सगळ्यात खाली आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग ताणलेली राहून माप चुकू लागतं.

बोरीकाठ, अमळनेर
लिहून ठेवलं, काका. उरलेल्या तीन चाकांचे नटही एकदा सोडवून बेताने कसून घेते, उद्या ऊन चढायच्या आत.